फराळाच्या ताटावरचा सल्ला आणि तेरा महिने

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
अमेरिकेतील सर्व मराठी मंडळे

स.न.वि.वि.

मी तुमच्यापैकी एका मंडळाची आजीव सभासद आहे. १९९९ साली शुल्क भरलं तेव्हा ‘आजीव’ म्हणजे आपण इथेच म्हातारे होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. २०२३ च्या जानेवारीत आम्ही न्यू जर्सीतलं घर आवरून साताऱ्याला परत आलो. गणपतीच्या वर्गणीच्या आणि कोजागिरीच्या तुमच्या ईमेल अजून येतात. मी त्या वाचते, बरं वाटतं. मध्यंतरी एक आली ती ‘निवृत्तीनंतर भारतात’ या झूम सत्राची. दोन तास बसून ऐकलं. पुण्यातले फ्लॅट झाले, एनआरई-एनआरओ खाती झाली, ज्येष्ठांसाठीची संकुलं झाली, कुठल्या शहरात डास कमी तेही झालं. निवृत्तीचं वय यायच्या आत जो आडवा झाला, त्याच्याबद्दल मात्र एक अक्षर निघालं नाही. म्हणून हे पत्र.

९ मार्च २०१९, शनिवार. माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. वय ५१. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. वीस वर्षं इंग्रजीत मीटिंगा घेतलेला माणूस. तिसऱ्या दिवशी तोंडातून पहिला शब्द फुटला तो ‘चहा’. पुढे महिनोन् महिने तसंच. वाचा-उपचाराच्या बाई चित्र दाखवायच्या, ‘स्पून’ त्याला सापडायचा नाही, तो ‘चमचा’ म्हणायचा आणि बाई वहीत चूक मांडायच्या. त्यांचा दोष नाही, त्यांना मराठी कुठून येणार? पण परत जायचं आम्ही ठरवलं ते त्या चमच्यापायी. ज्या गावात ‘चमचा’ म्हटलं की चमचा मिळतो, तिथे जाऊ, म्हटलं.

त्याची नोकरी एका कन्सल्टन्सीतली होती, कंपनीकडून दीर्घ मुदतीचा अपंगत्व विमा नव्हता. न्यू जर्सी राज्याची तात्पुरत्या अपंगत्वाची योजना आहे, तिचे २६ आठवडे पैसे मिळाले. ते सप्टेंबरात संपले आणि मला वाटलं, संपलंच सगळं. माझा पगार पाळणाघरातला, मुलगी सोळा वर्षांची, घराचे हप्ते चालू.

त्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला मी एकटीच गेले होते. आमच्यातले एक जाणते गृहस्थ भेटले. माणूस खरोखर चांगला, आजारपणात तीनदा डबा घेऊन आलेला. मी विचारलं, सरकारी अपंगत्वाच्या पैशाचं काही होईल का? ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही परत जाणार ना? मग त्या भानगडीत पडू नका. देश सोडला की तीस दिवसांत बंद होतं. वर खोटं बोलून अर्ज केला म्हणतील.” आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मी चिवड्याचं ताट हातात धरून उभी होते आणि मला ते पटलं. आपल्याकडे सल्ला देणाऱ्याचा आवाज भरदार असला की पुरे होतं.

ते चुकले कुठे हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि त्यांची चूक समजण्यासारखी होती. त्यांच्या सासऱ्यांना ‘एसएसआय’ मिळत होतं. ते नाशिकला जाऊन राहिले आणि पैसे थांबले. नियमच तो आहे: एसएसआय ही गरजूंसाठीची मदत आहे, एकट्या माणसाकडे राहतं घर वगैरे सोडून २००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही आणि सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिलात की ती बंद होते. माझ्या नवऱ्याचा हक्क होता तो ‘एसएसडीआय’वर. एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही चालवणारं खातंही एकच, सोशल सिक्युरिटीचं, त्यामुळे गोंधळ होतो. पण एसएसडीआय ही मदत नव्हे, तो विमा आहे. तुमच्या पगाराची पावती काढून बघा, तिच्यावर ‘ओएएसडीआय’ असं लिहिलेलं असतं आणि ६.२ टक्के कापलेले असतात. त्यातलं ‘डीआय’ म्हणजे डिसॅबिलिटी इन्शुरन्स. वीस वर्षं आम्ही हप्ता भरत होतो आणि आपण विमा उतरवलाय हेच आम्हाला माहीत नव्हतं.

एसएसडीआयला तुमची बचत किती, घर आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते असं: कामाची पुरेशी क्रेडिट, म्हणजे हा कर कापलेल्या कमाईवर जमा होणारे गुण, आहेत का (एकतिशीच्या पुढच्यांची साधारणपणे गेल्या दहा वर्षांतली वीस तरी लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात), आणि आजार असा आहे का की किमान बारा महिने माणूस धड कमाईचं काम करू शकणार नाही. पुढे तुम्ही कुठे राहणार, यावर ही पात्रता ठरत नाही. परत जायचा बेत लपवायची गरजच नव्हती. अर्ज केल्यावर मी फोनवर तो सरळ सांगितला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, निघायच्या आधी आम्हाला कळवा, बस्स.

पण तो फोन आला २०२१ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात कोविड येऊन गेला, आणि ‘त्या भानगडीत पडू नका’ हे वाक्य आमच्या घरात देवाच्या फोटोसारखं भिंतीवर टांगलेलं होतं. पुनर्वसन केंद्रातल्या समाजसेविकेने सहज विचारलं, “यांचा एसएसडीआयचा अर्ज कधी केलात?” केलाच नाही म्हटल्यावर तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

आता हिशेब बघा. अपंगत्व आल्यापासून पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत. आमचे एप्रिल ते ऑगस्ट २०१९. म्हणजे सप्टेंबर २०१९ पासून हक्क सुरू. पण अर्ज उशिरा केलात तर मागचे पैसे जास्तीत जास्त बारा महिन्यांचेच मिळतात. आम्हाला मिळाले ते ऑक्टोबर २०२० पासूनचे. मधले तेरा महिने गेले ते गेलेच. अठरा वर्षांखालच्या मुलांना वेगळा हिस्सा मिळतो, मुलीचा तोही तेरा महिने बुडाला. आणखी उशीर केला असता तर याहून वाईट होतं: काम सुटल्यावर या विम्याचं संरक्षण साधारण पाच वर्षं टिकतं, मग संपतं. ‘आधी भारतात जाऊन स्थिरावू, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

गंमत म्हणजे आमचं प्रकरण तसं सोपं होतं. सोशल सिक्युरिटी खात्याच्या आजारांच्या यादीत पक्षाघातासाठी ११.०४ क्रमांकाची नोंद आहे. झटक्यानंतर तीन महिने उलटूनही बोलण्यातून व्यवहार होत नसेल, किंवा दोन अवयवांवरचा ताबा इतका गेला असेल की उठणं, चालणं, हात वापरणं अतिशय कठीण झालंय, तर ती नोंद लागू होते. आमच्या फायलीत पहिल्याच उन्हाळ्यात हे सगळं लिहिलेलं होतं. अर्ज केल्यावर पाच महिन्यांत मंजुरी आली. पुष्कळांचे अर्ज पहिल्या फेरीत फेटाळले जातात, मग फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी. आमच्यावर ती वेळ आली नाही. मात्र एका कागदाने ती आणलीच असती, आणि त्या कागदाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथे आपण मराठी माणसं हमखास मार खातो.

अर्जासोबत एक प्रश्नावली येते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय करता, स्वयंपाक करता का, घरकाम करता का, छंद काय, पैशाचे व्यवहार जमतात का. ती मी भरली. मनापासून भरली. ‘रोज पूजा करतो. पेपर वाचतो. स्वयंपाकात मदत करतो, भाज्या निवडून देतो. संध्याकाळी फिरायला जातो. मित्रांशी फोनवर बोलतो.’ समाजसेविकेने तो मसुदा वाचला आणि म्हणाली, “तुम्ही नवऱ्यासाठी पेन्शन मागताय की नोकरी?”

मी रडले तिथे. कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकही खरं नव्हतं. पूजा करतो म्हणजे देवापुढे खुर्चीवर बसतो आणि डाव्या हाताने घंटा वाजवतो, अंघोळ मी घातलेली असते. पेपर वाचतो म्हणजे मोठे मथळे बघतो, खालची ओळ संपेपर्यंत वरची विसरतो. फिरायला जातो म्हणजे काठी आणि माझा दंड धरून टपालपेटीपर्यंत. मित्र फोन करतात, ते बोलतात, हा ‘हो हो’ म्हणतो. आणि भाज्या निवडणं म्हणजे मी त्याच्यापुढे गवार ठेवायची, तो डाव्या हाताने सातआठ शेंगा मोडायचा, दहा मिनिटांत दमायचा. मी उरलेली गुपचूप आत नेऊन निवडायची आणि जेवताना म्हणायची, “आजची भाजी तुझी हं.”

हे सगळं मी अडीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ‘कसं काय?’ला ‘मजेत’ हेच उत्तर असतं. आईच्या फोनवर ‘सुधारतोय’, मंडळात ‘पॉझिटिव्ह आहे अगदी’. आजाऱ्याची लाज राखायची, घराची झाकली मूठ ठेवायची, हे इतकं अंगवळणी पडलेलं की सरकारी कागदावरही मी त्याची अब्रू राखत बसले. तो कागद वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नाही. तो लिहिलेलं वाचतो. ‘स्वयंपाकात मदत करतो’ वाचून त्याने हात चालतोय असं धरलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहिल्या: किती वेळ, कुणाच्या मदतीने, आणि नंतर काय होतं. खोटं काही नाही, रडगाणं नाही. लिहायला चार रात्री लागल्या. माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत इतकं खरं मी कधी काही लिहिलं नसेल.

आता परदेशात राहण्याचं. अमेरिकेचा नागरिक असलात तर एसएसडीआय जवळजवळ कुठेही मिळतं, भारतात मिळतंच. भारतीय नागरिक असलात तर सलग सहा पूर्ण कॅलेंडर महिने अमेरिकेबाहेर राहिल्यावर ते थांबतं, पण भारतीयांसाठी यात एक सवलत आहे: तुमची ४० क्रेडिट झालेली असतील किंवा तुम्ही दहा वर्षं अमेरिकेत राहिलेले असाल, तर पैसे चालू राहतात. नवऱ्याची क्रेडिट चाळिसाच्या कितीतरी पुढे होती. त्याच्या कमाईवर ज्यांना हिस्सा मिळतो त्यांच्यासाठी अटी वेगळ्या आहेत, त्या आपापल्या तपासाव्यात.

आम्ही नागरिकत्व का घेतलं नव्हतं? कोरेगाव तालुक्यात सासऱ्यांची शेती आहे. ‘पासपोर्ट बदलला की सातबाऱ्यावरून नाव जातं,’ असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. कुठे, ते तुम्ही ओळखलंच असेल. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरं, पण वारसाहक्काने आलेली ठेवता येते. तेही आम्हाला नंतर कळलं. इकडे कायमचं यायचं म्हणून ग्रीनकार्ड परत केलं, त्यामुळे आता तो अमेरिकेच्या करकायद्याच्या भाषेत अनिवासी परका. अशांच्या पेन्शनच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के कर तिकडेच कापून घेतात, म्हणजे शंभरातले साडेपंचवीस. नागरिक असता तर ही सरसकट कपात झाली नसती. मी कधीकधी गमतीने म्हणते, ही जमीन सासऱ्यांनी फुकट दिली, खंड आम्ही अमेरिकेला भरतोय.

मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी आरोग्यविमा, तोही त्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू झाला; एसएसडीआयचे पैसे ज्या महिन्यापासूनचे मिळतात (आमचे ऑक्टोबर २०२०), त्यानंतर २४ महिन्यांनी तो लागतो. साताऱ्यातल्या दवाखान्यात त्याचा उपयोग शून्य. त्याच्या ‘बी’ भागाचा हप्ता भरत राहायचा की सोडायचा, हे प्रत्येकाने ठरवायचं. सोडून पुन्हा घेतलात तर दर पूर्ण वर्षाला दहा टक्के दंडाची वाढ होऊ शकते.

इथे राहूनही थोडी कामं असतात. परदेशात राहणाऱ्यांना टपालाने एक प्रश्नावली येते: जिवंत आहात का, पत्ता तोच का, काम करता का. ती भरून परत पाठवली नाही तर पैसे थांबतात. म्हणून आमच्या पोस्टमनदादांना दिवाळीला फराळ आधी जातो, मग शेजाऱ्यांना. भारतातल्या लोकांचं काम मनिलाच्या अमेरिकन वकिलातीतलं कार्यालय बघतं. आजार बरा झाला का याची तपासणीही ठरावीक वर्षांनी होते, तेव्हा इथल्या डॉक्टरांचे कागद इंग्रजीत आणि तारखांसकट ठेवायचे. उजव्या हाताची सही गेली, डाव्या हाताची दर वेळी वेगळी येते, त्यावरून इथल्या एका बँकेत आम्ही तीन फेऱ्या मारल्या. निघण्याआधी सह्यांचं सगळं उरकून घ्या, एवढंच सांगते.

हे झालं आमच्यासारख्या जुन्या लोकांचं. मला खरी काळजी वाटते ती तुमच्या मंडळात ढोल वाजवणाऱ्या पोरांची. समजा चौतीस वर्षांचा मुलगा, एच-१बीवर सहा वर्षं काम केलेला. त्याची क्रेडिट २४. अपघात झाला, पाठीचा कणा गेला. तो एसएसडीआयला पात्र ठरू शकतो. पण आईवडील औरंगाबादेत, सांभाळणारं दुसरं कोण? तो घरी गेला की सहा महिन्यांनंतर पैसे बंद, कारण ४० क्रेडिटही नाहीत आणि दहा वर्षांचं वास्तव्यही नाही. कापलेले ६.२ टक्के तिकडेच. भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार जर्मनीशी आहेत, फ्रान्सशी आहेत, जपानशी आहेत, कॅनडाशी २०१५ पासून आहे. अमेरिकेशी नाही. खासदार-काँग्रेसमन तुमच्या व्यासपीठावर येतात, शाल-श्रीफळ घेतात, दोन वाक्यं मराठीत बोलून टाळ्या घेतात. श्रीफळ देताना हा एक प्रश्नही द्या की हातात.

मंडळांकडून मला पैसे नकोत, निधी उभारायला नको. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा गणपतीच्या दिवशी, जिथे माणसं येतातच, तिथे कोपऱ्यात एक टेबल मांडा. या कायद्याचं काम रोज करणाऱ्या वकिलाला वर्षातून एकदा बोलवा. ते बहुधा मंजूर रकमेतूनच फी घेतात, आधी मागत नाहीत. एसएसआय आणि एसएसडीआय यांतला फरक सांगणारं एक पानी मराठी पत्रक काढा. आणि कुणाच्या घरी झटका, अपघात, कॅन्सर झाल्याचं कळलं, तर डब्यांचं वेळापत्रक जसं तुम्ही तासाभरात लावता (ते तुम्ही उत्तम लावता, मी सहा महिने त्यावर जेवले आहे), तसं एका माणसाला ती प्रश्नावली घेऊन त्या घरी बसवा. घरातल्या बाईला ‘किती वेळ, कुणाच्या मदतीने, नंतर काय होतं’ एवढं विचारणारा माणूस हवा. ती स्वतःहून सांगणार नाही.

आणि फराळाच्या ताटावर कुणी असलं काही विचारलं, तर ‘मला नक्की माहीत नाही’ म्हणा, आणि टेबलाकडे बोट दाखवा.

माझ्या दुसऱ्या मसुद्याची प्रत माझ्याकडे आहे. नाव-गाव खोडून मंडळांना पाठवायला मी तयार आहे. भारतातल्या सकाळी, म्हणजे तुमच्या रात्री, फोनही घेईन. सकाळी नऊनंतर मात्र नको, तेव्हा त्याच्या वाचा-उपचाराच्या ताई येतात. त्या चूक मांडत नाहीत, ‘चमचा’ म्हटलं की हातात चमचा देतात.

कळावे,
आपली,
एक आजीव सभासद
सातारा

ता.क. पत्र पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं. हळूहळू वाचावं लागलं, दोन दिवस लागले. पैशांच्या हिशेबाशी तो काही बोलला नाही. गवारीच्या शेंगांपाशी आले तेव्हा हात वर करून थांबवलं. बराच वेळ शब्द शोधत होता, मी मध्ये बोलले नाही. मग म्हणाला, “गवार नाही. घेवडा.”